तीन व्हीएम, चार डिस्का: बेळगाव-शहापूरच्या छापखान्यातल्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

होस्ट, म्हणजे खरा कॉम्प्युटर: विंडोज ११, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. विंडोजच्या हिशेबानं ती ४७६ जीबीच भरते. पुढच्या सगळ्या आकड्यांत जीबी म्हणजे १०२४ एमबी धरलाय. व्हर्च्युअलबॉक्स ७.१. आत तीन व्हीएम (कॉम्प्युटरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर, यांनाच पुढं गेस्ट म्हटलंय; त्यांची डिस्क म्हणजे होस्टवरची एक फाइल), तिन्हींच्या डिस्का भरत आलेल्या:

विंडोज एक्सपी: १० जीबी, व्हीएमडीके (डिस्क फाइलीची एक जात), आयडीईवर (डिस्कची जुन्या तऱ्हेची जोडणी), चार स्नॅपशॉट (डिस्कची त्या-त्या क्षणी राखून ठेवलेली अवस्था). जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधल्या पेजमेकर फाइली फक्त इथंच धड उघडतात. लग्नपत्रिकांचं काम याच्यावर. सी: वर १९० एमबी शिल्लक.

विंडोज १०: ५० जीबी, व्हीडीआय (डिस्क फाइलीची दुसरी जात), डायनॅमिक (माल येईल तशी फुगत जाणारी), स्नॅपशॉट नाही. फ्लेक्स मशीनचं जुनं रिप सॉफ्टवेअर (डिझाइनचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारं). १.६ जीबी शिल्लक.

उबुंटू सर्व्हर (लिनक्स): ४० जीबी, व्हीडीआय, डायनॅमिक. खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या जुन्या दप्तराचे स्कॅन इथं येतात. रूट (सिस्टीमची मुख्य जागा) ९८ टक्के भरलेलं.

मालकांची मागणी एका वाक्यात: "सगळ्यांना शंभर-शंभर जीबी करून सोडा की." तसं करणार नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क वाढवता येते, लहान करता येत नाही. जास्तीचं एक शून्य पडलं तर परत फिरायला बॅकअपशिवाय वाट नाही. आधी प्रत्येक डिस्क कशानं भरलीय ते बघायचं.

एक्सपीमध्ये प्रिंट स्पूलच्या फोल्डरात अडकलेली जुनी कामं १.३ जीबी निघाली. स्पूलर सर्व्हिस बंद करून फोल्डर रिकामं केलं, सर्व्हिस परत चालू. तूर्त पत्रिका चालतील. विंडोज १० मध्ये रिपचा कॅश ६ जीबीनं कमी केला, पण तो आठवड्यात परत भरणार. १० बाय ६ फुटी फ्लेक्स ७२ डीपीआयला सीएमवायकेत घेतला की ८६४० × ५१८४ पिक्सेल, चार चॅनेल, म्हणजे नुसती कच्ची फाइल १७९ दशलक्ष बाइट. त्यात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणून एकाच पाटीच्या दोन-तीन मांडण्या करून ठेवलेल्या. इथं खरंच जागा हवीय.

१७ जून, मंगळवार

उबुंटूपासून सुरुवात, कारण इथं डिस्क वाढवायची गरजच नसावी असा संशय होता. डीएफ (किती जागा भरलीय ते सांगणारी आज्ञा) म्हणतं रूट १९ जीबी. एलएसबीएलके (डिस्का आणि त्यांची पार्टिशनं दाखवणारी) म्हणतं एसडीए ४० जीबी, एसडीए३ साधारण ३८ जीबी, आणि त्यातलं लॉजिकल व्हॉल्यूम १९ जीबी. व्हीजीएस (जागेच्या सामाईक साठ्याचा, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुपचा, हिशेब) चालवलं तर व्हीफ्रीच्या, म्हणजे मोकळ्या जागेच्या, रकान्यात १९ जीबी तसेच पडून.

हा बिघाड नव्हे, इन्स्टॉलरची रीत आहे. उबुंटू सर्व्हर एलव्हीएमवर (सामाईक साठ्यातून जागा वाटून देणाऱ्या मांडणीवर) टाकताना मांडणी जशीच्या तशी स्वीकारली, की २० ते २०० जीबीच्या डिस्कवर निम्मीच जागा रूटला मिळते; बाकीची ग्रुपमध्ये राखून ठेवलेली असते. माहीत नसलेला माणूस डिस्क ८० करतो, डीएफमध्ये काहीच फरक दिसत नाही म्हणून १२० करतो, आणि मग कपाळाला हात लावून बसतो.

एकच आज्ञा, व्हीएम चालू असतानाच:

एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

-आर दिलं की आतली फाइल सिस्टीमही सोबत वाढते. ते विसरलं तर एक्सट४ साठी रिसाइझ२एफएस वेगळं चालवावं लागतं. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस, आणि त्याला डिव्हाइसचं नाव नव्हे, माउंटची जागा (ती ज्या फोल्डरावर जोडलीय ते) द्यायची. पाच सेकंदांत काम झालं. रूट ३८ जीबी, निम्मं रिकामं.

ग्रुपमध्ये जागा नसती तर क्रम असा पडला असता: बाहेर डिस्कची फाइल वाढवा, आत ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३ (मध्ये जागा सोडून, एसडीए३ असं जोडून नाही), मग पीव्हीरिसाइझ, मग वरची आज्ञा. जीपीटी (पार्टिशनच्या नव्या पद्धतीच्या तक्त्याची) डिस्क वाढली की तिच्या तक्त्याची शेवटाकडची प्रत जुन्या शेवटालाच राहते, आणि पार्टेड हे पार्टिशनचं साधन "दुरुस्त करू का" विचारतं. हो म्हणायचं. ग्रोपार्ट ते स्वतःच करतं.

१९ जून, गुरुवार

एक्सपी. यात तीन अडचणी एकमेकींत अडकल्यात, म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिली: डिस्क व्हीएमडीके आहे. रिसाइझ व्हीडीआय आणि व्हीएचडीवर चालतं, व्हीएमडीकेवर नाही. दुसरी: चार स्नॅपशॉट. प्रत्येक स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत जातात आणि त्या फाइलीची क्षमता तिची स्वतःची असते. मूळ डिस्क वाढवली तरी वरची पिल्लं (या बदलांच्या फाइली) १० जीबीचीच राहतात, आणि गेस्टला दिसतं ते सगळ्यात वरचं पिल्लू. "रिसाइझ १०० टक्के झालं म्हणतंय, पण आत काहीच वाढलेलं दिसत नाही" ही तक्रार दहातल्या आठ वेळा इथूनच येते. तिसरी एक्सपीची स्वतःची, ती शनिवारी.

स्नॅपशॉट काढायला दोन वाटा. एक म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सकडून एकेक डिलीट करून मूळ डिस्कमध्ये विलीन करणं. यात मूळ फाइलच बदलत जाते. मध्येच काही झालं तर हातात धड जुनंही नाही आणि नवंही नाही. दुसरी वाट म्हणजे सगळ्यात वरच्या पिल्लाचा क्लोन करून साखळीची एकसंध प्रत वेगळ्या जागी काढणं. मूळाला धक्का लागत नाही. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसताना दुसरीच वाट. स्नॅपशॉट फोल्डरातल्या फाइली एक्सप्लोररमधून हातानं पुसणं ही वाटच नव्हे. एक जरी गेली तरी तिच्यावरची सगळी साखळी उघडायची बंद होते.

साखळीचं वजन: मूळ ९.४, पिल्लं ३.१, २.६, ०.८, ४.२. एकूण २०.१ जीबी, आणि क्षमता मात्र १०. म्हणजे क्लोन दहाच्या वर जाणार नाही.

व्हीएम पूर्ण बंद पाहिजे. "सेव्ह स्टेट" चालणार नाही. झोपवलेल्या व्हीएमखालून डिस्क बदलली तर जाग आल्यावर ती जुन्याच नकाशानं लिहायला लागते. शोव्हीएमइन्फो चालवून आयडीईच्या ओळीत सध्या जोडलेल्या फाइलीची यूयूआयडी (तिचा एकमेव ओळख क्रमांक) घेतली. प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर (ई:). ती एनटीएफएस आहे ना ते आधी बघितलं, कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढं एक फाइल जात नाही.

व्हीबॉक्समॅनेज क्लोनमीडियम डिस्क <यूयूआयडी> ई:\एक्सपी-एकसंध.व्हीडीआय --फॉरमॅट व्हीडीआय

०%...१०%...२०%...३०%...४०% इथपर्यंत आलं आणि वीज गेली. यूपीएसवर टॉवर चालू, मॉनिटर चालू, आणि क्लोन मात्र त्रुटी देऊन बंद. बाहेरच्या डिस्कचा ॲडॅप्टर भिंतीतल्या बोर्डात होता. टॉवर वाचला आणि जिच्यावर लिहिणं चाललं होतं तीच डिस्क गेली.

ई: वर ४.१ जीबीची अर्धवट फाइल. लिस्ट एचडीडीज मध्ये तिची नोंद राहिलेली नाही हे बघून ती पुसली. मूळ व्हीएम चालू करून बघितली, चारही स्नॅपशॉट जागेवर.

मालकांचा निरोप आला: "सर, आज रात्री परत नको. उद्या सकाळी दोन पत्रिका द्यायच्या आहेत, मशीन चालू पाहिजे." पुढं ढकललं.

२१ जून, शनिवार

ॲडॅप्टर यूपीएसच्या मागच्या बॅटरीवाल्या सॉकेटात. यूपीएसला दोन जातीचे सॉकेट असतात, एकावर फक्त सर्ज संरक्षण. तेही वाचून बघितलं. क्लोन चार मिनिटांत पुरा. फाइल ९.८ जीबी.

आता आकार. ४० जीबी ठरवला. आकडा एमबीत द्यायचा आणि तो १०२४ नं गुणून: ४० × १०२४ = ४०९६०. घाईत ४०००० लिहिलं तर ३९.०६ जीबी येते, चालून जातं. पण ४०९६०० लिहिलं तर ४०० जीबी, आणि परतीची वाट नाही.

व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क ई:\एक्सपी-एकसंध.व्हीडीआय --रिसाइझ ४०९६०

सेकंदभराचं काम, कारण फक्त फाइलीच्या डोक्यातला नकाशा बदलतो. मीडिया मॅनेजरमध्ये सरकपट्टीनंही होतं, पण पट्टी ओढताना नेमका आकडा पकडणं त्रासाचं. शेजारच्या चौकटीत टाइप करावा. एक्सपीच्या डिस्का १२० जीबीच्या आत ठेवायच्या ही जुनी सवय पाळलेली बरी: सर्व्हिस पॅक १ च्या आधीची एक्सपी १३७ अब्ज बाइटच्या पुढं पत्ता मोजू शकत नाही, आणि त्या रेषेपलीकडं लिहायला गेली की डिस्कच्या सुरुवातीवरच लिहिते.

फाइल वाढली. आत पार्टिशन अजून १० चंच, पुढं ३० जीबी मोकळं रान. इथं तिसरी अडचण: एक्सपीतला डिस्कपार्ट ज्या व्हॉल्यूमवरून विंडोज चालतं ते वाढवून देत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये "एक्स्टेंड" हा पर्यायच नाही. बाहेरूनच करावं लागतं.

दोन उपाय असतात. डिस्क विंडोज १० च्या व्हीएमला दुसरी म्हणून जोडून तिथं वाढवणं. होतं, पण विंडोज ८ पासून एनटीएफएसच्या लॉगची आवृत्ती बदललीय. नवं विंडोज व्हॉल्यूम माउंट करताना ती वर नेतं आणि नीट सोडताना परत खाली आणतं. फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न करता पुढचं बूट वेगानं करण्याची सोय) चालू ठेवून व्हीएम बंद केली, की ते सोडणं अर्धवट राहतं, आणि पुढं एक्सपी त्या डिस्कवर तपासणी लावते. म्हणून आम्ही जीपार्टेड लाइव्ह (सीडीवरून चालणारं पार्टिशनचं साधन) वापरतो. त्यासाठी "गॅरेज" नावाची एक व्हीएम कायम ठेवलीय: १ जीबी रॅम, स्वतःची डिस्क नाही, सीडीच्या जागी जीपार्टेडची आयएसओ (सीडीची फाइलरूप प्रत). ज्या डिस्कवर काम करायचं ती इथं जोडायची, काम झालं की सोडवायची. गेस्टची स्वतःची सेटिंग्ज हलवायला लागत नाहीत.

जीपार्टेडनं पहिल्यांदा नकार दिला: व्हॉल्यूमवर तपासणी बाकी आहे, आधी सीएचकेडीएसके /एफ चालवा. परवाची वीज गेल्याचा हा परिणाम नव्हे, कारण मूळ व्हीएम तेव्हा बंद होती. ही त्याच्याही आधीची बाकी. डिस्क सोडवून एक्सपीला जोडली, तपासणी पार पाडली, एक्सपी नीट बंद केली, डिस्क परत गॅरेजमध्ये.

या वेळी उजवी कड ओढून शेवटापर्यंत. डावी कड हलवायची नाही. एक्सपीचं पार्टिशन ६३ व्या सेक्टरला सुरू होतं आणि हा आकडा बूट सेक्टरात लिहिलेला असतो. सुरुवात सरकली की बूट होताना डिस्क वाचता येत नाही असा संदेश येऊन काळा पडदा. "नवीन आकारापुढची मोकळी जागा" शून्य झाली की हिरवी खूण. दीड मिनिट.

एक्सपी चालू केल्यावर निळ्या पडद्यावर सीएचकेडीएसके आपोआप सुरू झालं. जीपार्टेडनंच ते लावून ठेवलेलं असतं. खाली "कोणतीही कळ दाबली तर रद्द" अशी उलटी मोजणी चालते, आणि कुणाचा तरी हात कीबोर्डकडं जातोच. दाबू नये. तीन टप्पे, चार मिनिटं, मग स्वतःहून रीस्टार्ट. आत सी: ३९.९ जीबी, ३०.९ मोकळे.

नवी डिस्क नव्या व्हीएम नोंदीला जोडली, जुनी व्हीएम साखळीसकट तशीच बाजूला. नव्या नोंदीत तीन गोष्टी जुनीबरहुकूम: कंट्रोलर आयडीईच (साटा या नव्या जोडणीवर नेलं तर एक्सपीला ड्रायव्हर सापडत नाही आणि ७बी आकड्याचा निळा पडदा येतो), आय/ओ एपिक या सेटिंगची खूण जशी होती तशी, आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता तोच.

२३ जून, सोमवार

एक्सपीतलं अक्षरलेखनाचं जुनं सॉफ्टवेअर परवाना मागायला लागलं. कारण शोधायला वेळ गेला नाही. व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला हार्ड डिस्कचा जो सीरियल नंबर दाखवतो तो व्हीबी अक्षरांनी सुरू होतो आणि पुढचे आकडे डिस्क फाइलीच्या यूयूआयडीतून बनतात. क्लोनला नवी यूयूआयडी मिळाली, नंबर बदलला, परवान्याला वाटलं यंत्र बदललं. (व्हॉल्यूमचा सीरियल नंबर वेगळा, तो एनटीएफएसच्या आत असतो आणि क्लोनसोबत तसाच येतो. तो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला काही कळत नाही.)

उपाय: नव्या फाइलीला साखळीतल्या मूळ डिस्कची यूयूआयडी देणं. एकाच यूयूआयडीच्या दोन फाइली व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत एकदम राहू शकत नाहीत, म्हणून आधी जुनी व्हीएम यादीतून काढली. अनरजिस्टरव्हीएम, आणि मागं --डिलीट लावायचं नाही; लावलं तर फाइलीच जातात. नवी डिस्कही व्हीएमपासून सोडवून यादीतून काढली. मग:

व्हीबॉक्समॅनेज इंटरनलकमांड्स सेटएचडीयूयूआयडी ई:\एक्सपी-एकसंध.व्हीडीआय <मूळ यूयूआयडी>

फाइल एसएसडीवर हलवून जोडली. सॉफ्टवेअर मुकाट उघडलं. पत्रिकेची जुनी फाइल उघडून एक पान छापून बघितलं. जोडाक्षरं आणि रफार जागेवर. मालकांनी ते पान खिशात घालून नेलं, आमच्याकडं पुरावा राहिला नाही.

२५ जून, बुधवार

विंडोज १०, ५० वरून १०० जीबी. बंद केली (शिफ्ट दाबून शटडाउन, म्हणजे फास्ट स्टार्टअप आड येत नाही), व्हीडीआयची सबंध प्रत ई: वर, मग --रिसाइझ १०२४००. आत डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर अपेक्षेप्रमाणं "एक्स्टेंड व्हॉल्यूम" करडं.

डिस्कची मांडणी डावीकडून: सिस्टीम रिझर्व्ह्ड ५० एमबी, सी: ४९.४ जीबी, रिकव्हरी ५२३ एमबी, आणि त्यापलीकडं नवे ५० जीबी. विंडोज लगतच्या उजवीकडच्याच मोकळ्या जागेत वाढतं. मध्ये रिकव्हरीचा धोंडा.

रिकव्हरी नुसतं पुसून मोकळं होणारे बरेच आहेत. करू नये, ज्या दिवशी बूट होणार नाही त्याच दिवशी ते लागतं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर क्रम:

रीएजंटसी /डिसेबल. यानं रिकव्हरीची विनआरई.विम फाइल सी: वर सिस्टीम३२ च्या रिकव्हरी फोल्डरात परत येते. ती आली का हे डीआयआर /ए नं बघायचं, फाइल लपवलेली असते. आली नसेल तर इथंच थांबायचं.

मग डिस्कपार्टमध्ये: सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन ३, डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. ओव्हरराइड नसेल तर संरक्षित म्हणून नकार मिळतो. पार्टिशन निवडल्यावर "डिटेल पार्टिशन" करून टाइप २७ आहे ना ते एकदा वाचलं. चुकून २ निवडलं असतं तर सी: ला हात लागला असता. मग सिलेक्ट पार्टिशन २, एक्स्टेंड (आकडा न देता, सगळी जागा), श्रिंक डिझायर्ड=१०२४ मिनिमम=१०२४. शेवटी जी १ जीबी सुटली तिथं क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस, सेट आयडी=२७. बाहेर येऊन रीएजंटसी /एनेबल, आणि /इन्फो मध्ये "एनेबल्ड" दिसलं.

ही डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीच्या तक्त्याची) आहे म्हणून आयडी २७. जीपीटी असती तर त्या जागी डीई९४बीबीए४ नं सुरू होणारा लांबलचक आयडी आणि जीपीटी ॲट्रिब्यूट्स=०एक्स८०००००००००००००१.

१ जीबी का? जानेवारी २०२४ च्या केबी५०३४४४१ अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे हवे होते, आणि ५०० एमबीच्या जुन्या पार्टिशनवर ते ०एक्स८००७०६४३ ही त्रुटी देऊन परत परत अपयशी ठरत राहिलं. या व्हीएमच्या अपडेट इतिहासातही त्या ओळींची रांग आहे.

२८ जून, शनिवार

स्कॅनच्या जागेचा हिशेब. दप्तराची पानं फुलस्केप, ३०० डीपीआय, २४ बिट रंग: २५५० × ४०५० × ३, म्हणजे पानामागं ३१ दशलक्ष बाइट. हजार पानांना ३१ अब्ज. पांढरंकाळं केलं तर वजन चोविसाव्या भागावर येईल, पण काही पानं मोडीतली आणि शाई फिकी तपकिरी झालेली. रंग गेला की कागदाचा डाग आणि अक्षराचा फाटा एकच दिसायला लागतात. रंगीतच ठेवायचं ठरलं.

उबुंटूची रूट डिस्क यासाठी वाढवली नाही. सिस्टीम आणि दप्तर एकाच डिस्कवर असलं की दप्तर भरल्यावर सिस्टीमही आडवी होते. होस्टमध्ये १ टीबीची साटा हार्ड डिस्क बसवली, डी:. तिच्यावर २०४८०० एमबीची नवी डायनॅमिक व्हीडीआय, व्हीएमला एसडीबी म्हणून.

एसडीबीवर पार्टिशन केलंच नाही. सरळ डिस्कवर:

एमकेएफएस.एक्सट४ -एम १ -एल दप्तर /डेव्ह/एसडीबी

-एम १ नसेल तर एक्सट४ पाच टक्के जागा रूटसाठी राखते. २०० जीबीत ती १० जीबी होते, आणि नुसत्या साठवणीच्या डिस्कवर तिचा उपयोग नाही. पार्टिशन नसल्यानं पुढच्या वेळी बाहेर रिसाइझ आणि आत रिसाइझ२एफएस, एवढ्या दोनच पायऱ्या. तोटा एकच: दुसरा कुणी पार्टिशनचा तक्ता बघायला गेला तर त्याला डिस्क कोरी वाटू शकते. म्हणून लेबल, आणि होस्टवरच्या फाइलीचं नावही "दप्तर-पुसू-नये". एफस्टॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्का जोडायच्या त्या यादीत) यूयूआयडीनं माउंट आणि नोफेल, म्हणजे डी: गेली तरी सर्व्हर बूट होतो.

अंदाजे ६९०० पानं बसतील.

२ जुलै, बुधवार

दुपारी विंडोज १० ची व्हीएम मध्येच गोठली. खिडकीवर संदेश: होस्टची डिस्क भरली, व्हीएम थांबवली आहे, खाली डीआरव्हीव्हीडी_डिस्कफुल. गेस्टला याची गंधवार्ता नसते. लिहिणं अडलं त्या क्षणी ती फक्त थांबवलेली असते.

चूक आमच्या हिशेबातली. डायनॅमिक डिस्क म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. रिपनं दोन दिवसांत व्हीडीआय ४८ वरून ७१ वर नेली. शिवाय एसएसडीवर जुन्या एक्सपीची २० जीबीची साखळी, दोन जुन्या इन्स्टॉलर आयएसओ, आणि गेल्या बुधवारी घेतलेल्या प्रतीची आणखी एक प्रत कुणीतरी डेस्कटॉपवर ठेवलेली, ४९ जीबी.

अशा वेळी "पॉवर ऑफ" दाबायचं नाही. जे लिहायचं अडलंय ते त्यानं हरवतं. डेस्कटॉपवरची प्रत ई: वरच्या मूळ प्रतीशी हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवून मग पुसली, एक्सपीची साखळी डी: वर हलवली, आणि व्हीएम "रिझ्यूम" केली. रिप जिथं होतं तिथून पुढं चालू झालं.

व्हीडीआय आटवायचा विचार सोडून दिला. त्यासाठी आधी गेस्टमध्ये एसडिलीट -झेड नं मोकळी जागा शून्यांनी भरावी लागते, मग बाहेर --कॉम्पॅक्ट. पण शून्य भरताना डायनॅमिक फाइल आधी पूर्ण १०० पर्यंत फुगू शकते आणि मगच आटते. जागा नाही म्हणून जे करायचं त्यालाच आधी ३० जीबी जागा लागू शकते.

आता एसएसडीवरची बांधिलकी: एक्सपी ४०, विंडोज १० शंभर, उबुंटू ४०, होस्ट स्वतः ९०. २७० जीबी, ४७६ पैकी. हा तक्ता छापून टॉवरच्या बाजूला चिकटवला.

५ जुलै, शनिवार

निपाणीतल्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडं हेच काम, पण हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर). ८० जीबीची व्हीएचडीएक्स १६० करायची. "एडिट डिस्क" करडं होतं, कारण एव्हीएचडीएक्स फाइल होती: बॅकअप सॉफ्टवेअरनं मागं सोडलेला चेकपॉइंट (हायपर-व्हीतला स्नॅपशॉट), चार महिने जुना, कुणाच्या ध्यानीमनी नाही. तो मॅनेजरमधून डिलीट केला. विलीन व्हायला पाऊण तास. नंतर रिसाइझ-व्हीएचडी, एका ओळीत. डिस्क स्कझी जोडणीवर असती तर व्हीएम चालू असतानाच झालं असतं. ही आयडीईवरची बूट डिस्क, म्हणून बंद करून. आत रिकव्हरी सी: च्या डावीकडं असल्यानं सरळ एक्स्टेंड. पुढच्या महिन्यात दुसरी व्हीएम आहे, ती जुन्या व्हीएचडीवर. तिची मर्यादा २०४० जीबी, इथं त्याची चिंता नाही.

उद्या आषाढी, काम नाही.

९ जुलै, बुधवार

शहापूर. एक्सपीवर नव्या डिस्कनं सतरा दिवस काढले, तीन पत्रिका आणि एक स्मरणिका छापून गेली. जुनी साखळी डी: वरून पुसली, त्याआधी एकसंध व्हीडीआयची ताजी प्रत ई: वर आणि ती गॅरेजला जोडून एकदा उघडून बघितली. न उघडलेली प्रत आम्ही बॅकअपमध्ये धरत नाही.

तिन्ही व्हीएमचे स्नॅपशॉट: शून्य. पुढं कुणी घेतला तर नावात तारीख आणि कारण, आणि आठ दिवसांत काढायचा.

बाकी राहिलेलं: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. त्याआधी तिचं नेटवर्क कार्ड "होस्ट-ओन्ली" (फक्त होस्टशी बोलणारं) वर न्यायचं. रिपला इंटरनेट लागत नाही, फाइली शेअर्ड फोल्डरनं जातील. यूपीएसची बॅटरी लोडवर चार मिनिटांत आडवी होते, नवीन सांगितलीय.